योजना ‘राबवली’ म्हणजे नक्की काय झालं? शेंद्र्याहून एक प्रश्न

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी शेंद्रा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात प्रश्नावली घेऊन गेले होते. ४२ विधानं, प्रत्येकासमोर पाच पर्याय, एकावर खूण करायची. तिसरं विधान असं होतं: ‘कंपनीची धोरणात्मक योजना आमच्यापर्यंत स्पष्टपणे पोहोचवली जाते.’ तिथल्या सुपरवायझरनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मॅडम, योजना म्हणजे शेड्यूल का?”

मी म्हटलं, नाही, शेड्यूल वेगळं. तुम्ही ज्या मोठ्या कंपनीला माल देता तिला पुढच्या पाच वर्षांत कुठे जायचंय, ते.

“ते आम्हाला कोण सांगतंय? आम्हाला मेलवर शेड्यूल येतं. वाढलं की समजायचं, गाडी चालली. कमी झालं की समजायचं, दुसरीकडे काम शोधा.” एवढं बोलून त्यांनी ‘सहमत’वर टिक केली. मी विचारलं, सहमत का? तर म्हणाले, “शेड्यूल वेळेवर येतं ना!”

ती टिक माझ्या एक्सेलमध्ये ४ म्हणून गेली. ‘योजनेचा संवाद’ या घटकाची सरासरी तिच्यामुळे वाढली. क्रॉनबॅक अल्फाही छान आला. आणि त्या चारचा अर्थ मला जे मोजायचं होतं त्याच्या बरोबर उलटा होता.

मॅनेजमेंटमध्ये संशोधन करायचं म्हटलं की ‘स्ट्रॅटेजी इम्प्लिमेंटेशन’ हा विषय पटकन डोळ्यांसमोर येतो. कंपनीने योजना आखली, ती राबवली गेली का, अडथळे कोणते आले. विषय सोपा वाटतो, प्रश्नावल्या तयार मिळतात, सिनॉप्सिसही झटपट होतो. या विषयाला माझा विरोध नाही, मी स्वतः त्यातच काम करते. माझी तक्रार तो ज्या पद्धतीने केला जातो तिच्याबद्दल आहे. ‘योजना यशस्वी झाली का’ हे विचारण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कधी मोजायचं, कुठे उभं राहून मोजायचं आणि कोणाला विचारायचं. आपले बरेच प्रबंध यातलं काहीच ठरवत नाहीत. तरी शेवटी टक्केवारी मात्र देतात.

आधी त्या ९० टक्क्यांबद्दल

या विषयावरचा कुठलाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या पानावर वाक्य असतंच: ‘७० ते ९० टक्के धोरणात्मक योजना अंमलबजावणीत अपयशी ठरतात.’ म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा, वगैरे.

हा आकडा आला कुठून? ९० टक्क्यांचा माग काढत गेलं की आपण १९८२ च्या ‘फॉर्च्युन’ मासिकातल्या वॉल्टर कीचेल यांच्या लेखापाशी पोहोचतो. नीट आखलेल्या योजनांपैकी १० टक्क्यांहून कमी यशस्वीपणे राबवल्या जातात, हा तिथे सल्लागारांच्या सांगण्यावरून आलेला अंदाज होता. पुढे बॅलन्स्ड स्कोअरकार्डवाले कॅप्लन आणि नॉर्टन यांनी २००१ च्या ‘द स्ट्रॅटेजी फोकस्ड ऑर्गनायझेशन’ या पुस्तकात तो घेतला आणि मग तो सगळीकडे पसरला. म्हणजे ज्यांचा धंदाच योजना राबवून देण्याचा, त्यांचं मत: बहुतेक योजना फसतात. केशकर्तनालयात जाऊन ‘केस वाढलेत का?’ असं विचारल्यासारखं झालं हे.

पोर्तुगालमधल्या कार्लोस कांदिदो आणि सर्जिओ सांतोस या दोघांनी २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ मॅनेजमेंट अँड ऑर्गनायझेशन’मध्ये या सगळ्या आकड्यांची झाडाझडती घेतली. निष्कर्ष साधा होता: बहुतेक अंदाजांमागचा पुरावा जुना, तुटक, कमकुवत, नाहीतर नाहीच. अपयशाचा खरा दर किती, हे अजून ठरायचं आहे. हा पेपर येऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे आकडा तसाच उतरवला जातो. सिनॉप्सिसमध्ये तो वापरणार असाल तर थांबा. तोंडी परीक्षेत एखाद्या परीक्षकाने कांदिदो–सांतोस वाचलेले असले तर पहिल्याच पानावर अडकाल.

पण आकडा चुकीचा आहे, एवढ्यावर मला थांबायचं नाही. तो चुकीचा का असणारच, हे जास्त महत्त्वाचं. ते समजायला आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ.

शेंद्रा, चाकण आणि ‘इंडिया २.०’

शेंद्र्याचा स्कोडाचा कारखाना इथल्या सगळ्यांना माहीत आहे. २००१ मध्ये इथून ऑक्टाव्हिया बाहेर पडायला लागली. पद्धत अशी की गाडीचे सुटे भाग खोक्यांतून परदेशातून येणार आणि इथे जुळणी होणार. संख्या कमी, गाडी महाग. पुढे ऑडीच्या गाड्याही इथेच जुळवल्या जाऊ लागल्या. २००९ मध्ये त्याच समूहाचा, म्हणजे फोक्सवॅगनचा, चाकणला मोठा कारखाना सुरू झाला. तिथे पत्रा दाबण्यापासून रंगकामापर्यंत गाडीच तयार होते.

२०१८ मध्ये समूहाने भारतासाठी नवी योजना जाहीर केली: ‘इंडिया २.०’. नेतृत्व स्कोडाकडे. २०१९ ते २०२१ या काळात १ अब्ज युरो गुंतवणूक. भारतासाठी वेगळा प्लॅटफॉर्म, एमक्यूबी ए-झीरो आयएन. ९५ टक्क्यांपर्यंत भाग देशातच बनवायचे. आणि २०२५ पर्यंत भारतीय बाजारात ५ टक्के वाटा मिळवायचा.

अंमलबजावणीच्या अभ्यासासाठी यापेक्षा चांगली केस शोधून सापडणार नाही. कारण योजना लेखी आहे, तारखा आहेत, रक्कम आहे, लक्ष्य आकड्यात आहे. आता यादी करू. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं. ऑक्टोबर २०१९ मध्ये समूहाच्या भारतातल्या तीन कंपन्या एकत्र करून एक कंपनी केली. आल्फ्रेड चँडलर यांनी १९६२ मध्ये मांडलेलं सूत्र, की धोरण बदललं की रचना त्यामागे जाते, ते पुस्तकात शोभावं इतकं चोख. जून २०२१ मध्ये कुशाक आली, सप्टेंबरमध्ये टायगुन, २०२२ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस. मध्ये कोविड आला, चिपचा तुटवडा आला, तरी चार गाड्या आल्या.

मग योजना यशस्वी?

कधी मोजलं, त्यावर अवलंबून

स्कोडाने २०२१ मध्ये भारतात २३,८५८ गाड्या विकल्या. २०२२ मध्ये ५३,७२१. एका वर्षात दुपटीहून जास्त. तुम्ही डिसेंबर २०२२ मध्ये डेटा गोळा केला असतात, तर प्रबंधाचं शीर्षक ‘यशस्वी अंमलबजावणीचे घटक’ असं झालं असतं. मॅनेजरांनी प्रश्नावलीत नेतृत्वाला ५, संवादाला ५, कर्मचाऱ्यांच्या सहभागाला ४ दिले असते. सगळी गृहीतकं मान्य!

पुढची दोन वर्षं विक्री उतरत गेली. त्याच कंपनीत, त्याच माणसांकडे, तीच प्रश्नावली घेऊन २०२४ च्या मध्यात गेला असतात तर? तेच नेतृत्व ‘गोंधळलेलं’ वाटलं असतं. फिल रोझेन्झ्वाइग यांनी २००७ च्या ‘द हेलो इफेक्ट’मध्ये नेमकं यावर बोट ठेवलंय. निकाल माहीत असला की माणसं कारणांना निकालासारखाच रंग देतात. कंपनी चालली की संस्कृती चांगली, नाही चालली की तीच संस्कृती हटवादी. आपल्या प्रश्नावल्यांत निकाल आणि कारण, दोन्ही एकाच माणसाला, एकाच दिवशी, एकाच कागदावर विचारतात. मग दोघांत सहसंबंध निघतोच. त्याला निष्कर्ष कसं म्हणायचं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये कायलॅक आली, चार मीटरपेक्षा लहान गाडी. अशा गाडीत इंजिनही लहान असेल तर कर कमी बसायचा आणि आपल्याकडे खप तिथेच मोठा. २०२५ मध्ये स्कोडाची विक्री २०२२ च्याही पुढे गेली. आता पाहा, पहिल्या चार गाड्यांत चार मीटरच्या आतली एकही नव्हती. ती नंतर आली. मग २०२५ चं यश २०१८ च्या योजनेचं, की योजना अपुरी पडतेय हे ओळखून केलेल्या बदलाचं? हेन्री मिंट्झबर्ग आणि जेम्स वॉटर्स यांनी १९८५ मध्येच हा फरक सांगितला होता: काही धोरण ठरवून घडतं, काही चालता चालता उगवतं आणि प्रत्यक्षात जे दिसतं ते दोन्हींचं मिश्रण असतं. ‘योजनेप्रमाणे झालं की नाही’ एवढंच तपासणारा अभ्यास हा दुसरा भाग ‘विचलन’ म्हणून बाजूला टाकतो. प्रत्यक्षात कंपनी कधीकधी त्या विचलनावरच तरते.

आणि ते ५ टक्के? २०२५ उजाडलं तेव्हा समूहाचा वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपासच होता. म्हणजे कामं पार पडली, लक्ष्य गाठलं नाही. राबवली म्हणायची की फसली? ही दोन वेगळी मापं आहेत. ठरलेली कामं झाली का, हे एक. त्यातून हवा तो परिणाम मिळाला का, हे दुसरं. ९० टक्क्यांचा आकडा देणारे या दोघांपैकी कुठलं माप वापरतात हे बहुतेक वेळा सांगतच नाहीत. त्यामुळे तो आकडा बरोबर असूच शकत नाही. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज आहे.

कुठे उभं राहून मोजलं, त्यावरही

आता चाकणहून शेंद्र्याला परत या. अंतर साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर.

‘इंडिया २.०’च्या त्या चारही गाड्या चाकणला बनतात. योजनेचा गाभा होता देशी भाग आणि मोठी संख्या. शेंद्र्याची रीत नेमकी उलटी: आयात भाग आणि कमी संख्या. एकाच योजनेत दोन कारखान्यांची कामं वेगळी होती आणि नवी गुंतवणूक जिथे योजनेचा गाभा होता तिथे गेली. यात कोणाचा दोष काढायचा नाही. कंपनीच्या हिशेबाने ते तर्काला धरून आहे. जोसेफ बोवर यांनी १९७० मध्ये सांगितलंच होतं की धोरण समजायचं असेल तर भाषणं वाचू नका, पैसा कुठे वळला ते बघा.

पण शेंद्र्यातून पाहिलं तर त्याच काळाचा अर्थ बदलतो. एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला आणि त्याच सुमारास ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब या दोन्ही गाड्या भारतातल्या यादीतून गेल्या. शेंद्र्याची ओळख ज्या नावाने झाली, ते ऑक्टाव्हियाचंच. सुपर्ब २०२४ मध्ये परत आली, पण तयार गाडी म्हणून आयात होऊन. शेंद्र्यात तिची जुळणी झाली नाही. २०२५ मध्ये नवी कोडियाक मात्र इथे जुळवली जाऊ लागली. कंपनीच्या सादरीकरणात ही सगळी एखाद्या स्लाइडवरची एक ओळ असेल. इथे तो शिफ्टचा, बसच्या फेऱ्यांचा, मेसच्या डब्यांचा, भाड्याच्या खोल्यांचा प्रश्न असतो.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगायला नको. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची फळी उभी राहिली. तिथला कारखाना वाढला की गाव वाढलं. शेंद्र्यात खोक्यांतून भाग आल्यावर तशी फळी त्याच प्रमाणात उभी राहण्याचं कारणच नव्हतं. दोन्ही कंपन्यांच्या योजना आपापल्या जागी ‘यशस्वी’ म्हणता येतील. पण शहराच्या बाजूने पाहिलं तर ती दोन वेगळी यशं आहेत. आपल्या अभ्यासात ‘विश्लेषणाचं एकक: कंपनी’ असं लिहिलं की हा फरक आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकतो. लिहा, हरकत नाही. पण काय पुसलं जातंय हे माहीत असू द्या आणि मर्यादांच्या परिच्छेदात कबूल करा.

कोणाला विचारलं

या क्षेत्रात चांगलं काम नाही असं नाही. डोनाल्ड सल, रिबेका होम्क्स आणि चार्ल्स सल यांचा २०१५ चा ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधला लेख जरूर वाचा. २५० हून अधिक कंपन्यांतल्या जवळपास ८,००० मॅनेजरांचं सर्वेक्षण आहे. त्यांना आढळलं की मॅनेजर आपल्या वरिष्ठावर आणि हाताखालच्यांवर भरवसा ठेवतात, पण दुसऱ्या विभागातले सहकारी नेहमी शब्द पाळतात असं म्हणणारे फक्त ९ टक्के. कंपनीच्या पाच मुख्य प्राधान्यांपैकी एक तरी सांगू शकणारे मधल्या फळीतले मॅनेजर ५५ टक्के. या प्रश्नात एक हुशारी आहे. ‘तुम्हाला योजना माहीत आहे का?’ असं विचारलं असतं तर जवळपास सगळे हो म्हणाले असते. त्यांनी सांगायला लावलं.

माझा आक्षेप एवढाच की हा मोठा अभ्यासही मॅनेजरांवर थांबतो. अलीकडच्या गाड्यांच्या धंद्यात एका गाडीच्या किमतीतला बराच मोठा हिस्सा बाहेरून विकत घेतलेल्या भागांचा असतो. ९५ टक्के देशी भाग ही योजना खरी राबवायची कोणी? व्हेंडरने. डाय बनवायची त्याने, बँकेचं कर्ज उचलायचं त्याने, पहिल्या लॉटचं रिजेक्शन सोसायचं त्याने. आणि अपेक्षेइतकी संख्या आली नाही तर ती डाय त्याच्याच शेडमध्ये गंजत पडणार. ही माणसं कंपनीच्या संघटन तक्त्यात कुठेच नाहीत, म्हणून आपल्या नमुन्यातही नाहीत.

सरकारी योजनांचा अभ्यास करणारे इथे आपल्या पुढे आहेत. जेफ्री प्रेसमन आणि ॲरन विल्डाव्हस्की यांचं १९७३ चं ‘इम्प्लिमेंटेशन’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ओकलंड शहरातल्या एका रोजगार योजनेवर आहे. वॉशिंग्टनमध्ये पैसा मंजूर होता, कोणाचा विरोध नव्हता, तरी नोकऱ्या फारशा आल्या नाहीत. लेखकांनी वाटेतल्या मंजुऱ्या मोजल्या तर त्या ७० निघाल्या. हिशेब तुम्हीही करून बघा: प्रत्येक ठिकाणी ‘हो’ मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तरी सत्तरही ठिकाणी हो मिळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच येते. कोणी खलनायक लागत नाही, कोणी आळशीही लागत नाही. ‘नेतृत्वाचा अभाव’ आणि ‘कर्मचाऱ्यांचा विरोध’ हीच कारणं शोधणाऱ्या आपल्या प्रश्नावल्यांना हे दिसणारच नाही. कारण त्या माणसांचे गुण मोजतात. वाट मोजत नाहीत.

मग करायचं काय

कोणी म्हणेल, हे सगळं बरोबर आहे, पण आम्हाला तीन वर्षांत प्रबंध द्यायचाय. मान्य. म्हणून जमेल तेवढंच सांगते.

एक, अख्खी योजना घेऊ नका. तिच्यातलं एक ठोस आश्वासन घ्या, उदाहरणार्थ ‘अमुक भाग देशात बनवणार’, आणि ते आश्वासन जाहीर झाल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत कोणत्या कागदातून पोहोचलं ते शोधा. ड्रॉइंग, ऑर्डर, टूलिंगचा करार, शेड्यूल. कागदावर तारीख असते, आठवणीवर नसते.

दोन, निकाल आणि कारण वेगवेगळ्या जागांहून आणा. विक्रीचे आकडे जाहीर स्रोतांतून घ्या, प्रक्रिया माणसांकडून समजून घ्या. दोन्ही एकाच कागदावर नकोत.

तीन, ‘काम झालं का’ आणि ‘परिणाम मिळाला का’ हे दोन रकाने कायम वेगळे ठेवा. आणि कुठल्या तारखेला पाहिलं ते लिहा. शक्य असेल तर दोन तारखांना पाहा.

चार, निदान एक तरी असा माणूस नमुन्यात घ्या जो योजनेसाठी राबतो, पण योजना ज्याला कधी कोणी दाखवलेली नाही. पाच-सहा मुलाखती झाल्या तरी चालतील. गाइड विचारतील, हे संख्यात्मक अभ्यासात बसतं का? बसवा. नाही बसलं तर पद्धतीचं प्रकरण बदला, माणूस वगळू नका.

मी ती ४२ विधानांची प्रश्नावली बाजूला ठेवली. आरआरसीसमोर पुन्हा जावं लागलं, सहा महिने गेले, ते दुखलंच. दुसऱ्यांदा त्या कारखान्यात गेले तेव्हा हातात एकच प्रश्न होता: गेल्या तीन वर्षांत तुमचं शेड्यूल सगळ्यात जास्त कधी बदललं आणि का बदललं असं तुम्हाला वाटतं? सुपरवायझरनी कपाटातून तीन वर्षांच्या डायऱ्या काढल्या. प्रत्येक महिन्याचा आकडा पेनने लिहिलेला, बदलला की लाल शाईने. का बदलला असेल, याचा त्यांचा अंदाजही शेजारी होता. बहुतेक ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या प्रश्नचिन्हांवर आहे.